झाकणांचं स्टूल: आधी निवड, मग डिझाइन

झाकणं, दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या मिळून तीन पोती जमलीत, सगळं एकत्र वितळवून स्टूल होईल का, असं तुम्ही विचारलंय. एकत्र नाही होणार. बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, ती वितळायला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. एचडीपीई (HDPE) या दुसऱ्या प्लास्टिकचं झाकण १३० लाच पाघळतं. बाटलीचे तुकडे खड्यांसारखे आत राहतात आणि स्टूल तिथेच तडकतं. बाटल्या कबाडीवाल्याला द्या. पिशव्या वेगळ्या ठेवा. बटर पेपरमध्ये धरून इस्त्री फिरवली की थर जुळतात, त्याची थैली छान शिवता येते.

स्टुलाला झाकणंच घ्या. आतला आकडा बघा: २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी (PP, पॉलिप्रॉपिलीन). या दोघांचीही मिसळ नको, फळीचे पापुद्रे सुटतात. पाण्यात दोन्ही तरंगतात. जे बुडेल ते आधी बाहेर काढा, कारण त्यात पीव्हीसी असलं तर तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. म्हणून स्वयंपाकघरातला ओव्हन अजिबात वापरू नका. त्याऐवजी वेगळं यंत्र करून घ्या: डेव्ह हाकन्स यांनी २०१३ साली सुरू केलेल्या प्रेशस प्लास्टिक या प्लास्टिक-पुनर्वापराच्या प्रकल्पाचे यंत्रांचे आराखडे फुकट मिळतात. हिंगणा एमआयडीसीत वेल्डिंगची कामं करणाऱ्या कुणालाही ते दाखवा.

३० बाय ३० सेंटिमीटरची, एक सेंटिमीटर जाडीची बैठक म्हणजे साधारण ८५० ग्रॅम, साडेतीनशे-चारशे झाकणं. साच्यातून घाईने काढू नका. थंड होताना एचडीपीई दोन-तीन टक्के आकसतं. माझी पहिली फळी मी गरम असतानाच काढली, सकाळपर्यंत पापडासारखी वळली होती. आता शिकंजा आवळून रात्रभर ठेवतो.

पाय प्लास्टिकचे करू नका, लवतात. आरामशीनवर सागवानाचे तुकडे मिळतात, ते घ्या. गोंद या प्लास्टिकला धरत नाही, म्हणून बोल्टच लागतील, आणि इथे आपलं नागपूर आडवं येतं. जानेवारीच्या पहाटे दहा अंश, मे महिन्यात ४५. एवढ्या फरकात तुमची बैठक दीड-दोन मिलिमीटरने कमीजास्त होते, लाकूड जवळपास होतच नाही. बोल्ट गच्च आवळला तर भोकापाशी चीर जाते. भोक लांबट पाडा, खाली मोठा वायसर घाला. स्टूल व्हरांड्यात ठेवा, गच्चीवरच्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं.

आणि कापताना खाली चादर अंथरा. तो भुसा नालीतून नाग नदीत गेला तर सगळी मेहनत वाया. गोळा करून पुढच्या फळीत टाका.