डॉकला लावलेला कीबोर्ड चालतो, मग मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ का?

कीबोर्ड-माउस चालतात म्हणजे डॉक (एकाच वायरने कीबोर्ड, माउस, मॉनिटर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) जिवंत आहे, अडलंय ते फक्त चित्र. डेस्कटॉपवर याचं नेहमीचं कारण म्हणजे यूएसबी-सी पोर्ट. भोक तेच असलं तरी बऱ्याच मदरबोर्डवर त्यातून नुसता डेटा जातो, व्हिडिओ नाही. लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा डॉक इथे गप्प बसतो तो यामुळेच. पोर्टशेजारी बारीक ‘डीपी’ (डिस्प्लेपोर्ट) किंवा विजेचं (थंडरबोल्टचं) चिन्ह आहे का बघा. नसेल तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (यूएसबी-सीतून व्हिडिओ पाठवायची सोय) शोधा.

पोर्टला सोय असूनही चित्र नसेल, तर प्रोसेसर तपासा. मदरबोर्डच्या पोर्टला चित्र सहसा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडून मिळतं. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये (उदा. १२४००एफ) ते नसतंच. असलं तरी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर कधीकधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद होतं, ते चालू करावं लागतं.

डॉक डिस्प्लेलिंकवाला (चित्र साध्या यूएसबी डेटातून पाठवणारा) असेल तर मात्र साधं यूएसबी ३.० पुरतं, फक्त त्याचा ड्रायव्हर टाकायला हवा.

चित्र काल येत होतं आणि आज गेलं, असं असेल तर आधी डॉकची वायर काढून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. मग विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी दाबा; बीप वाजून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो.

खरं सांगू? डेस्कटॉपला मॉनिटर थेट ग्राफिक्स कार्डालाच लावा. डॉक कीबोर्ड, माउस आणि पेनड्राइव्हपुरता ठेवा.