खेळाडू थांबतो तेव्हा

"खेळणं बंद झाल्यावर पुढे काय?" हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशनासाठी, बहुतेक वेळा आईवडील घेऊन येतात, मुलगा किंवा मुलगी दहावीत असताना. ज्याचं खेळणं खरोखरच थांबलंय असा माणूस तोच प्रश्न विचारतो तेव्हा सूर वेगळा असतो. अशाच एका बास्केटबॉलपटूबद्दल त्याच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 33, पुण्यातच वाढलेला, खेळाडू कोट्यातून सरकारी खात्यात लागलेला आणि खात्याच्या संघाचा पॉइंट गार्ड. चेंडू पुढे न्यायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि 24 सेकंदांच्या आत संघाला बास्केटपर्यंत पोचवायचं, हे त्याचं काम. गुडघ्याचा एसीएल लिगामेंट दोनदा फाटला. दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सामने बंद करायला सांगितलं.

नोकरी शाबूत होती. वडिलांचं म्हणणं एवढंच, की कितीतरी खेळाडूंना तेवढंही मिळत नाही, आता टेबल सांभाळ. त्यांचं चूक नव्हतं. पण वर्षानुवर्षं सराव आणि स्पर्धा यांतच दिवस गेलेला हा माणूस पहिल्यांदाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत फायलींपुढे बसत होता. बरोबरचे लोक खात्याच्या परीक्षा देऊन वर गेलेले, काम समजावून सांगणारी मुलगी वयाने लहान. झोप उडाली, बायकोशी बोलणं तुटक झालं, जुन्या संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट. "मॅच लागली की चॅनेल बदलतो, मॅडम," तो म्हणाला.

त्यात एका क्लबने ज्युनियर मुलांना शिकवायला बोलावलं होतं. तो जात होता, पण अपमान झाल्यासारखा. डोक्यात जेसन किड होता, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला नावाजलेला पॉइंट गार्ड. किड जून 2013 मध्ये निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात तिथल्याच ब्रुकलिन नेट्स संघाचा मुख्य कोच झाला. "आणि मी बारा वर्षांच्या पोरांना ड्रिबल शिकवतोय."

मी विचारलं, "तुम्ही स्वतःला किडशीच का मोजता? स्पोएल्स्ट्राशी का नाही?" एरिक स्पोएल्स्ट्राही पॉइंट गार्डच, पण कॉलेजातला. एनबीएमध्ये तो कधी खेळला नाही. 1995 मध्ये एनबीएच्याच मायामी हीट संघाच्या व्हिडिओ खोलीत कामाला लागला, सामन्यांच्या टेप बघून कापत राहिला आणि 2008 मध्ये मुख्य कोच झाला. 2012 आणि 2013 ची विजेतेपदं त्यानंतरची. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त स्वतःला लावून कधी बघितलं नव्हतं.

तरी खरी गाठ मला मैदानावर दिसली. एका संध्याकाळी त्याला विचारून सराव बघायला गेले. पिक अँड रोल चालू होतं, म्हणजे एकाने बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहून आडोसा (स्क्रीन) करायचा, चेंडूवाल्याने त्याला वळसा घालायचा आणि मग स्क्रीनवाल्याने बास्केटकडे वळायचं (रोल). एका मुलाने स्क्रीनला वळसा घ्यायच्या आधीच घाईने पास टाकला. "थांब, दे इकडे," म्हणत ह्याने चेंडू काढून घेतला. खांदा स्क्रीनला अगदी घासून गेला, नजर उलट्या कोपऱ्याकडे आणि चेंडू टप्पा खात रोल करणाऱ्या मुलाच्या हातात. फार सुंदर होतं ते. तो मुलगा हात लोंबकळत ठेवून नुसता बघत होता. मग ह्याने गुडघा धरला.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "त्या मुलाला तुम्ही सांगितलंत काय?" बराच वेळ तो गप्प होता. काहीच सांगितलं नव्हतं. जे शरीराला येत होतं ते शब्दांत मांडायची वेळच कधी आली नव्हती. आणि दुसरं, ते शिकवणं नव्हतंच. त्याला अजून खेळायचं होतं.

मग ठरलं, काही दिवस चेंडूला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि मुलाला विचारायचं, "तुला काय दिसलं?" सुरुवातीला तो फार चिडायचा. मग त्याच मुलाने उत्तर दिलं, "सर, स्क्रीन लावणारा दिसतो, पण त्याच्या मागचा माणूस दिसतच नाही." हे मला सांगताना आमचा खेळाडू खुर्चीत पुढे सरकला होता. तो माणूस कुणाला दिसत नसेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या रात्री त्याने क्लबच्या सामन्याचं मोबाइलवरचं शूटिंग काढलं आणि पासच्या क्षणभर आधी चित्र थांबवत बसला. आता मुलांना तो तिथेच थांबवून विचारतो.

दुःख त्याने गेलं नाही. खात्याच्या संघाचा सामना बघायला तो अजून जात नाही, मीही आग्रह धरत नाही. शरीराच्या जोरावर मिळालेली ओळख जाते तेव्हा माणूस रडतो आणि त्याला रडू द्यायला हवं. कोचिंग त्या दुःखावरचा उतारा म्हणून घेतलं, तर ते मुलांच्या अंगावर निघतं, असं माझं ठाम मत आहे.

वडिलांना एकदा बोलावलं. हा राजीनामा देईल, ही त्यांची खरी भीती होती. नोकरी सोडायची नाही, संध्याकाळी क्लब, आणि पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी खात्याकडे रजा मागायची, हे त्यांच्यासमोर बोललो. "मग कर की," ते म्हणाले.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर "आता कोच हो" हा सल्ला लगेच देऊ नका. आधी झोप, जेवण, दारू आणि बोलणं यांकडे लक्ष द्या. दोन-तीन आठवडे काही बिघडलेलंच राहिलं किंवा जगणं नको झाल्याचं बोलणं कानावर आलं, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.