जागलीला जाणाऱ्या बाबांच्या प्लेअरमध्ये भजनं कोणत्या फॉरमॅटमध्ये भरू?

तुमचा प्रश्न मला असा समजला. बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडे धानाच्या जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला जातात. वावरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून तुम्ही पुण्याहून त्यांना मेमरी कार्डावर चालणारा छोटा प्लेअर आणि ६४ जीबीची चिप पाठवली. आवाज चांगला मिळावा म्हणून भजनं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न टाकणाऱ्या फॉरमॅटमध्ये भरली, तर ती वाजतच नाहीत. सोबतची एमपी३ गाणी वाजतात, पण उलटसुलट क्रमाने लागतात आणि एक अगदी हळू तर दुसरं कानठळ्या बसवणारं. बाबा म्हणतात, जुना रेडिओच बरा होता.

मी शेजारच्या तालुक्यातला. दसऱ्यापासून धान निघेपर्यंत आमच्या घरचं कुणी ना कुणी रात्री वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर असतं, आणि गावातल्या बऱ्याच जणांच्या चिपा मीच भरून देतो. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. चिपमध्ये फक्त एमपी३ भरा. टाळ-खंजिरीची भजनं १९२ केबीपीएसला, नुसतं बोलणं असलेलं कीर्तन-प्रवचन ६४ केबीपीएस मोनोत, म्हणजे एकाच चॅनलमध्ये. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिट लागतात तो आकडा, यालाच बिटरेट म्हणतात. बिटरेट शेवटपर्यंत एकच राहील असा, म्हणजे सीबीआर ठेवा, आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, ४४.१ किलोहर्ट्झ. फ्लॅक मात्र पुसू नका. त्या फाईल तुमच्या लॅपटॉपवर आणि आणखी एखाद्या ठिकाणी जपून ठेवा.

फ्लॅक निवडण्यात तुमचं काही चुकलं नाही, फक्त जागा चुकली. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन चॅनल असा असतो. तो होतो १४११ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला दहा एमबीहून जास्त. फ्लॅक त्यातलं कणभरही न टाकता फाईल साधारण निम्म्या-साठ टक्क्यांवर आणतो. एमपी३ तसं करत नाही. माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही असं तो धरतो, ते टाकून देतो आणि उरलेलं लिहितो. टाकलेलं पुन्हा कधीच परत येत नाही. म्हणून साठवायला फ्लॅक आणि वाजवायला एमपी३.

स्वस्त प्लेअरच्या आत जी आयसी असते तिला ठरावीक फॉरमॅटच कळतात. एमपी३ सगळ्यांना कळतो, डब्ल्यूएव्ही आणि डब्ल्यूएमए बऱ्याच जणांना, बाकीच्यांची खात्री नाही. फोनसारखं त्यात नवीन ॲप टाकता येत नाही. ओपस नावाचा फॉरमॅट २०१२ साली प्रमाणित झाला, आणि कमी बिटरेटला तो एमपी३पेक्षा कितीतरी सरस आहे. स्वतःच्या फोनवर मी तोच वापरतो. पण बाबांच्या डब्याला तो ओळखता येत नसेल तर त्याचा काय उपयोग? फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पुष्कळदा एम४एमध्ये असतं, तेही आधी एमपी३ करून घ्या.

आता १९२च का? नुसत्या आवाजाला आणि पेटीला १२८ चालतं. आपल्याकडच्या भजनात मात्र खंजिरी असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीशिवाय होतच नाहीत, आणि एमपी३ची सगळ्यात मोठी अडचण नेमकी खंजिरीशी आहे. एमपी३ आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे करून हिशेब मांडतो. ४४.१ किलोहर्ट्झला असा एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा होतो. खंजिरीवरची थाप आणि तिच्या चकत्यांचा छणकार मात्र एका क्षणात उमटतो. अशा ठिकाणी एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, लहान तुकडे करून पाहतो, तरी बिटरेट तोकडा असला की हिशेबातली चूक थापेच्या आधीही पसरते आणि नंतरही. धार बोथट होते. पेटीचा सूर लांब चालतो, त्यात ही चूक झाकली जाते. टाळ, चिपळ्या आणि खंजिरीत ती उघडी पडते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या आजोबांच्या भजन मंडळाची एक कॅसेट होती, एका कोजागिरीला शाळेच्या पटांगणात भरलेली. तालुक्याच्या एका दुकानात ती एमपी३ करायला दिली. त्यांनी ६४ केबीपीएस स्टिरिओत फाईल करून दिली, आणि कॅसेट मागायला गेलो तर सापडत नाही म्हणाले. आज आमच्याकडे तेवढी एकच फाईल आहे. आजोबांचा आवाज कळतो, पेटी कळते, पण खंजिरीच्या चकत्या वेगळ्या ऐकूच येत नाहीत, सुपात धान पाखडावं तसा नुसता सळसळाट येतो. आजी अजून ती फाईल लावायला सांगते. मी ती ३२० केबीपीएसला करून पाहिली, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढून पाहिली. फाईल पाचपट जड झाली, खंजिरी काही परत आली नाही. म्हणून फ्लॅक जपा हे मी इतकं आग्रहाने सांगतो आहे. चिप उद्या चिखलात पडली तरी दुसरी भरता येते.

यावरून एक ओळखून ठेवा. नेटवरून उतरवलेल्या फाईलच्या नावात ३२० लिहिलं असलं म्हणून आवाज ३२०चा होत नाही. मुळात १२८ची असलेली फाईल कुणीतरी फुगवलेली असू शकते. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालचे-वरचे सूर दाखवणारं आवाजाचं चित्र लावा. १६ हजार हर्ट्झच्या आसपास वरचा सगळा भाग सुरीने कापल्यासारखा काळा दिसला तर बहुधा ती आधी १२८च्या आसपास दाबलेली आहे. अशी फाईल पुन्हा एमपी३ करू नका, आहे तशीच चिपमध्ये टाका. दर वेळी नव्याने दाबलं की आणखी थोडं जातं.

जागेची काळजी तर करूच नका. केबीपीएसला आठने भागलं की सेकंदाला किती केबी लागतात ते निघतं. १२८ला मिनिटाला साधारण एक एमबी, १९२ला दीड एमबीच्या जरा आत, ६४ मोनोला अर्धा एमबी. अडीच तासांचं कीर्तन बहात्तर एमबीत बसतं. ८ जीबीच्या चिपमध्ये १९२ची भजनं नव्वद तासांच्या आसपास मावतात. म्हणजे ६४ जीबीची गरजच नाही, उलट ती अडचण करते. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात आणि साध्या प्लेअरला फॅट३२च कळतं. कार्डावर फाईल मांडून ठेवायच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. ८ किंवा १६ जीबीचं चांगलं कार्ड घ्या. बाजारात खोट्या कार्डांचा सुळसुळाट आहे. वर ६४ लिहिलेलं असतं, आत ८च असतात, आणि तेवढं भरलं की पुढच्या फाईल नुसत्याच नावाला दिसतात. नवीन कार्ड घेतलं की एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने एकदा पूर्ण तपासून घ्या.

क्रम उलटसुलट लागण्याचं कारण साधं आहे. हे प्लेअर गाण्यांची नावं वाचून क्रम लावत नाहीत, कार्डावर जी फाईल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. म्हणून कार्ड फॉरमॅट करा, फाईलींची नावं ००१, ००२ अशा आकड्यांनी सुरू करा आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. मध्येच एखादं भजन राहिलं असं वाटलं तर ते नंतर घुसवू नका, पुन्हा पहिल्यापासून भरा. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी नावांच्या जागी बहुतेक प्लेअरवर चौकटी दिसतात. गाण्याच्या आत चिकटवलेलं मोठं चित्र असेल तर काढून टाका. ते फाईलच्या सुरुवातीलाच बसलेलं असतं, प्लेअरला ते ओलांडून आवाजापर्यंत जावं लागतं आणि तिथेच तो अडकू शकतो. सीबीआर मी याचसाठी सांगितलं. व्हीबीआरमध्ये, म्हणजे बिटरेट कमी-जास्त होत राहतो त्या प्रकारात, आवाज चांगला असतो, पण साध्या प्लेअरवर वेळ चुकीची दिसते आणि पुढे ढकललं तर कुठल्या कुठे उडी जाते.

बाबांना अंधारात त्या बोटभर स्क्रीनवरचं वाचता येणार नाही. मी प्रत्येक फोल्डरची पहिली फाईल म्हणून घरातल्या कुणाच्या तरी आवाजात दोन शब्द भरून देतो. "आता हरिपाठ." "आता कीर्तन." फोल्डरचं बटण दाबलं की कुठे आलो ते कानाला कळतं. तुमच्या मुलाच्या आवाजात भरून पाठवा.

आवाज कमी-जास्त होण्यावर एमपी३गेन नावाचा प्रोग्राम वापरा. तो फाईल पुन्हा दाबत नाही, आतल्या नोंदीतला आकडा बदलतो, दीड-दीड डेसिबलच्या पायरीने, त्यामुळे काहीच बिघडत नाही. त्यात ८९ डेसिबल हा आकडा आधीपासून असतो, तोच राहू द्या. रात्री दोन वाजता सगळीकडे शांत असताना हळू भजनानंतर अचानक दणदणीत गाणं लागलं की माळ्यावर बसलेला माणूस दचकतो, आणि अंधारात आवाजाचं बटण चाचपत बसतो.

डब्याला स्पीकर एकच असेल तर सगळंच मोनो करून टाका. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याचा आवाज एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला असते, एकाच बाजूने ऐकणाऱ्याचं अर्धं भजन जातं. मोनोला ९६ केबीपीएसमध्येही खंजिरी छान राहते. घरच्या जुन्या कॅसेटवरून घेणार असाल तर मात्र जपून. टेपचं हेड किंचित तिरपं असलं की दोन चॅनल एकमेकांत मिसळताना टाळांचा वरचा आवाज मरतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो बारीक पेचकसाने पाव-पाव फेरा फिरवत टाळ सगळ्यात झणझणीत कुठे येतात ते कानाने शोधा, मग रेकॉर्ड करा. तेही डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्येच.

सेटिंगमध्ये इक्वलायझर नॉर्मल ठेवा. बास वाढवलं तर एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज काही येत नाही, आवाज फाटतो आणि बॅटरी लवकर उतरते. जागलीला ती रात्रभर पुरायला हवी.

आणि इअरफोन वावरात नको. आपला भाग वाघाचा आहे, रानडुकरांचा आहे. दोन्ही कान बंद करून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यांना हे तुम्ही स्वतः सांगा. स्पीकरच वाजू द्या, आणि बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात काही सळसळलं तर ते ऐकू येईल एवढाच. घरी इअरफोन लावत असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ध्यानात ठेवा, मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत. रोज आठ तास लावला तर पाच दिवसांतच तेवढा होतो.

डुकरं येऊ नयेत म्हणून काही जण डबा माळ्यावर वाजता ठेवून घरी येतात. तसं करायचं असेल तर शफल, म्हणजे गाणी क्रम मोडून लावणं, चालू करा आणि बोलण्याच्या फाईल जास्त भरा. तीच ती गाणी त्याच क्रमाने वाजली तर जनावर थोड्याच दिवसांत सरावतं. बाबा सोबत बसणार असतील तर शफल बंद, त्यांचा हरिपाठ क्रमानेच लागला पाहिजे.

भरून झालं की एक भजन दोनदा बनवा, एकदा १२८ला आणि एकदा १९२ला, आणि कोणती फाईल कितीची ते न सांगता बाबांना दोन्ही वावरात लावायला सांगा. माळ्यावरून ऐकताना खंजिरीची एकेक थाप मोजता येते का, एवढंच त्यांना विचारा. ज्या फाईलमध्ये मोजता येईल ती ठेवा.