नाशिकला जाहीर झालेली मेट्रो निओ म्हणजे जुनी ट्रॉलीबसच का? भारतात ती कधी होती आणि बंद का पडली?

ट्रॉलीबसच, म्हणजे वरच्या तारांतून वीज घेऊन रबरी टायरवर धावणारी बस. आमच्या मेव्हण्यांना हे आजही पटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

२०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या निओला २,०९२ कोटी जाहीर झाले, त्या संध्याकाळी मेव्हणे पेढे घेऊन हजर. "दाजी, जगात कुठे नाही असली गाडी!" म्हटलं, अहो, मी लहानपणी मुंबईत बसलोय हिच्यात. माझे मामा गोवालिया टँकला राहायचे. सुट्टीत गेलो की उगाचच माझगाव डॉकपर्यंत फिरवून आणायचे. सुटताना इंजिनाची घरघर नाही, धूर नाही, नुसता बारीक गुंईऽ आवाज, आणि टपावरच्या दोन लांब दांड्या दोन तारांना टेकलेल्या. त्या बघायला मी खिडकीतून मान बाहेर काढायचो आणि मामांचा धपाटा खायचो. यावर मेव्हणे म्हणतात, "ती ट्राम असेल." जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

ट्रामला एकच तार पुरते, कारण वीज रुळांतून परत जाते. रबरी टायरला रूळ नाहीत, म्हणून परतीची दुसरी तार. कोणी ट्राम म्हणालं की वर बघायला सांगा, तारा मोजा, विषय संपला. मुंबईची ट्राम १९६४ ला गेली, ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ धावली. दिल्लीत तर १९३५ पासून होती. बर्लिनजवळ सीमेन्सने १८८२ लाच चालवून दाखवली होती. नाशिकची मेन रोड ते नाशिकरोड स्टेशन ट्राम घोडे ओढायचे, तिचा विजेशी काडीचा संबंध नाही. पण मेव्हणे तीही मध्ये घुसडतात.

बंद का पडली? डिझेलची बस कुठूनही वळते, ही तारेला बांधलेली. रस्ता खणला तरी हिला बाजूने जाता येत नाही. वळणावर दांडी निसटली की कोणीतरी उतरून ती दोरीने परत तारेला लावायची, तोवर मागचे सगळे हॉर्न मारत उभे.

आता, निओ अगदी तशीच नाही. ती बहुतेक खांबांवरच्या मार्गावरून न्यायची होती आणि फीडर म्हणजे मुख्य मार्गाला जोडणाऱ्या मार्गांवर तारेशिवाय, बॅटरीवर. एवढ्यापुरतं मेव्हण्यांचं बरोबर आहे. त्यांना सांगितलेलं नाही.