सांगलीत राहून, कोर्स न करता सिनेमा कला म्हणून समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

पाहिलेल्या सिनेमापासूनच. गोष्ट आधीच माहीत असली की लक्ष मांडणीकडे जातं.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून आपलं गाव नाटकवेडं. त्यामुळे आपले कान संवादांवर असतात. सिनेमात मात्र कॅमेरा कुठे ठेवलाय आणि शॉट कधी तोडलाय, हेही बोलत असतं.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) घ्या, एका लोकशाहिरावर चाललेल्या खटल्याचा सिनेमा. कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर. शेवटाकडे सुट्टीआधीचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, तरी शॉट चालूच राहतो. लगेच कट केला असता तर नुसतं 'कामकाज संपलं' एवढंच कळलं असतं. इथे त्या अंधारात बसून आरोपीचं काय होणार, हा विचार आपल्याला करावाच लागतो. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या शॉटमध्ये आहे.

असाच एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. काय जाणवलं ते वहीत लिहा, त्यानंतरच परीक्षणं वाचा. पुस्तकं नंतर. पुढे जमलं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा रसास्वाद अभ्यासक्रम जरूर करा.