कांद्याची बातमी लिहिताना

लासलगावच्या कांदा बाजार समितीचे भाव आले की किमान, कमाल, सर्वसाधारण असे तिन्ही आकडे उतरवून घे. कमाल भाव मोजक्याच उत्तम मालाला मिळतो. मथळ्यात मात्र तोच चढतो आणि मुंबईच्या वाचकाला वाटतं, नाशिकचा शेतकरी मालामाल झाला. तू सर्वसाधारण भाव दे, क्विंटलचा आहे हे लिहून. ‘कांदा रडवणार’ तर नकोच (किती वर्षं तेच!). भाव पडल्यावर उत्पादकही रडतो, तेव्हा असा मथळा क्वचितच दिसतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यातबंदी केली, तेव्हा ‘ग्राहकांना दिलासा’ आणि ‘शेतकऱ्यांना फटका’ दोन्ही म्हणता येत होतं. अशा वेळी पहिल्या परिच्छेदात निर्णय, तारीख, मुदत एवढंच. शेतकरी ‘आक्रमक’ झाले म्हणण्याऐवजी लिलाव किती वेळ बंद होते ते सांग.