राहायला नाही, नुसतं चहाला

तुमचा प्रश्न असा: परदेशात फिरताना मोठ्या हॉटेलात राहणं परवडत नाही, पण बाहेरच्यांना तिथला 'आफ्टरनून टी' घ्यायला जाऊ देतात का? आणि चहा-सँडविचसाठी एवढे पैसे घालावेत का?

जाऊ देतात, आणि माझ्या मते जरूर घालावेत. गेली काही वर्षं मी प्रत्येक सहलीतली एक दुपार यासाठी राखून ठेवते. राहायला साधं गेस्टहाउस, फिरायला बस-मेट्रो आणि एकच दिवस शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात चहा. तिथल्या एका रात्रीचं भाडं मला झेपणार नाही. चहाच्या पैशांत मात्र त्याच लॉबीत दोन तास निवांत बसता येतं, आणि घाई करा असं कुणी म्हणत नाही.

आईला घेऊन हाँगकाँगला गेले होते तेव्हाचं सांगते. हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल भागातून स्टार फेरीच्या बोटीनं खाडीपलीकडे त्सिम शा त्सुईला उतरलो. ही फेरी मुंबईहून तिकडे गेलेल्या दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये सुरू केली. ते सांगितल्यावर आई बोटीचं लाकडी बाक हात फिरवून बघत होती. धक्क्यापासून थोडं चाललं की पेनिन्सुला, १९२८ सालचं हॉटेल. आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्यांसाठी टेबल राखून ठेवत नव्हते, रांगेतच उभं राहायचं होतं. चहा दोनला सुरू होणार म्हणून आम्ही सव्वा वाजताच पोचलो. आत उंच खांब, छताजवळ सोनेरी नक्षी, वर सज्ज्यात बसून वाजवणारे वादक. आईची साडी पाहून वेटरनं खुर्ची मागे ओढून दिली, ती बसेपर्यंत धरून ठेवली.

मग तीन मजली तबक आलं. बहुतेक ठिकाणी खाली छोटी सँडविच, मधे स्कोन (बिस्किट आणि पाव यांच्या मधला छोटा, जाडसर गोल पदार्थ), वर केक-पेस्ट्री असतात. खालून वर खात जायचं, म्हणजे तिखटमीठ आधी आणि गोड शेवटी. स्कोन रुमालात गुंडाळलेले, चांगले गरम होते. स्कोनला सुरी लावायची नाही, मधोमध हातानं फोडायचा. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं भाकरी मोडावी तसा तो मोडला आणि बरोबर दोन चकत्या झाल्या. सोबतच्या क्लॉटेड क्रीमचं बोट चाटून म्हणाली, "अगं, ही तर साय!" खरंच सायच असते ती. इंग्लंडात डेव्हन आणि कॉर्नवॉलकडे साईचं दूध मंद तापवून, गार करून वर धरलेला घट्ट थर काढतात. आधी साय की आधी जॅम यावर त्या दोन परगण्यांचा जुना वाद आहे: डेव्हनवाले साय आधी लावतात, कॉर्नवॉलवाले जॅम. आईनं पहिल्याच घासाला डेव्हनची बाजू घेतली.

चहाचं म्हणाल तर दार्जिलिंग दुधाशिवाय घ्या, दुधाचाच हवा असेल तर आसाम मागा. पानं किटलीतच असतील तर दुसरा कप कडवट होतो, म्हणून वेगळं गरम पाणी मागून घ्या. संकोच करू नका, ते आनंदानं देतात.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. लंडनमधल्या एका हॉटेलात मी हे विसरले. सँडविचमध्ये चिकन आणि मासा, वरच्या मूसमध्ये, म्हणजे फेसाळ गोड पदार्थात, प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. त्यांनी धावपळ करून काकडीची सँडविच आणली, पण बाकी तबक तसंच परत गेलं, फार हळहळ वाटली. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगावं लागतं.

कपड्यांची चौकशीही आधी करा. लंडनच्या रिट्झ हॉटेलात चहाला पुरुषांना जॅकेट लागतं, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. तिथल्या पाळ्या सकाळी साडेअकरापासूनच सुरू होतात. नावात 'आफ्टरनून' असलं तरी मला ती पहिली पाळी सोयीची वाटते, कारण हेच दुपारचं जेवण धरायचं. पोट खरंच भरतं, आणि पुष्कळ ठिकाणी सँडविच पुन्हा वाढतात. हिशेब करताना सेवाशुल्क विसरू नका: हाँगकाँगला १० टक्के, लंडनला बहुधा साडेबारा.

आणि एक. आपल्याकडे याला सर्रास 'हाय टी' म्हणतात. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामावरून परतलेल्या कष्टकऱ्यांचं संध्याकाळचं भरपेट जेवण, त्यामुळे तिथे बुकिंग करताना 'आफ्टरनून टी' असंच म्हणा.

परदेशी जायच्या आधी एकदा बघून घ्यावं असं वाटत असेल, तर मुंबईत ताजमहाल पॅलेसचं सी लाउंज आहे. १९०३ सालचं हॉटेल, समोर समुद्र आणि गेटवे. स्कोनच्या शेजारी शेवपुरी आणि भेळही असते. खिडकीजवळचं टेबल फोनवरच मागून ठेवा.